जुन्या वस्तऱ्याचं पातं: घासायचं किती, थांबायचं कुठं

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या शहापुरातल्या एका मित्रानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला वस्तरा माझ्यापुढं आणून ठेवला. पणजोबांचा, माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेला. पातं तांबूस-काळं, मूठ एका बाजूनं फुगलेली. "जरा चकाचक करून दे की," एवढंच म्हणाला. चकाचक म्हणणाऱ्या माणसाला मी हल्ली आधी चहा पाजतो, मग सांगतो की चमक आणणं हे शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. त्याआधीचे सात-आठ तास जातात ते खड्डे काढण्यात, आणि त्यातलेही निम्म्याहून जास्त पहिल्याच पॉलिश पेपरवर. पुढचा प्रत्येक कागद फक्त आधीच्या कागदाचे ओरखडे पुसतो. हे एवढं कळेपर्यंत माझ्या हातून तीन वस्तरे वाया गेले.

मी मूळचा मशीनशॉपमधला माणूस. इथल्या कारखान्यांच्या उद्यमबागेत कुठल्याही शेडमध्ये गेलात तर इंचाचे आठ सूत, हे पोरसवदा हेल्परलाही पाठ असतं. वस्तऱ्याच्या पात्याची रुंदीही इंचाच्या आठव्या भागातच सांगायची रीत आहे, त्यामुळं आमची सुताची भाषा इथं आयतीच उपयोगी पडते. पाच सुती पातं म्हणजे साधारण 16 मिलिमीटर, सहा सुती म्हणजे 19. खाली जिथं सूत म्हटलंय तिथं हाच हिशोब धरा.

हात लावायच्या आधी

आधी पातं कसलं आहे ते ओळखा. आडवं धरून टोकाकडून बघितलं की दोन जाती दिसतात. एक पाचरीसारखं: पाठ जाड आणि तिथून धारेपर्यंत सरळ निमुळतं. इंग्लंडातल्या शेफिल्डचे जुने वस्तरे बरेचसे असे. दुसरं गाल आत गेलेलं: पाठीखाली दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं आणि धारेजवळ कागदासारखं पातळ. जर्मनीतल्या सोलिंगेनचे वस्तरे बहुतेक या जातीचे. पाचरीला कागद सपाट लागतो आणि दाबही सोसतो. गाल बसलेल्या पात्याला दोन्ही चालत नाहीत. बोटाचा जोर पडला की ते लवतं, आणि लवता लवता एक दिवस तडकतं.

तडा आहे का ते आधीच तपासा. पात्याला शिलाई मशीनचं तेल लावून पाच मिनिटं ठेवा, कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसा, आणि भिंगातून धारेचा काठ बघत चला. तडा असेल तर त्यात शिरलेलं तेल केसासारखी बारीक ओली रेघ होऊन पुन्हा वर येतं. अशी रेघ धारेला काटकोनात दिसली तर त्या वस्तऱ्यावर वेळ घालवू नका. शोकेसमध्ये ठेवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

मग गंज. तांबडा गंज वरवरचा असतो, तो जातो. काळा डाग बसलेला असतो, तो बऱ्याचदा तसाच राहू द्यावा. खरी भानगड खड्ड्यांची. खड्डा कुठं आहे यावर सगळं अवलंबून. पाठीजवळचा खड्डा दिसायला वाईट, पण दाढीला त्याची अडचण नाही. धारेपासून अर्ध्या सुताच्या आत खड्डा असेल तर तो पुढं छळणार, कारण पथरीवर धार लावता लावता काठ तिथंवर पोचला की धारेला दाते पडतात. आमच्या गल्लीतले सलूनवाले मामा, ज्यांच्या धोकटीत एके काळी असे पाच वस्तरे असायचे, नखानं धारेजवळून हलकेच घासत जायचे आणि नख अडखळलं की वस्तरा परत द्यायचे. आता त्यांच्या दुकानातही अर्धं ब्लेड मोडून घालायचा वस्तरा आहे, पण नख अजून तेच काम करतं.

मानेवरचा शिक्काही आत्ताच वाचून लिहून ठेवा. मान म्हणजे मुठीत फिरणारा, पात्यामागचा जाड भाग. शेफिल्डच्या जुन्या मालावर मुकुटाशेजारी राज्यकर्त्याची अक्षरं असतात. व्ही. आर. असेल तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, म्हणजे 1837 ते 1901 च्या दरम्यानचा. अमेरिकेच्या 1890 च्या आयात कायद्यानं 1891 पासून तिकडं जाणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकणं सक्तीचं झालं, म्हणून नुसतं 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' छापलेलं असेल तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा. आपल्याकडं असा शिक्का दिसला म्हणजे वस्तरा अमेरिकेतून आला असं नाही. बरेच कारखाने सगळ्याच मालावर तोच ठसा मारायचे. ही अक्षरं एकदा कागदाखाली गेली की वस्तऱ्याचा जन्मदाखलाच गेला.

मूठ सोडवायची का?

मान मुठीत अडकलेली असेपर्यंत मानेच्या बाजूंचा गंज निघत नाही. नुसतं पातं उजळायचं असेल तर मूठ राहू द्या, तिच्यावर दोन पदरी चिकटपट्टी गुंडाळा आणि पुढं चला. एक अपवाद. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची असेल, आंबूस-कापरासारखा वास येत असेल, तडे गेले असतील आणि पात्याचा नेमका मुठीत मिटणारा भागच गंजलेला असेल, तर ती मूठ कुजते आहे. सेल्युलॉइड कुजताना त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचं पोलाद खाते. तुम्ही पातं आरशासारखं केलंत तरी सहा महिन्यांत ते पुन्हा तसंच होणार. मित्राची फुगलेली मूठ हीच होती. ती काढून दुसरी बसवणं एवढाच उपाय. आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं, म्हणून ते मशीनवर घासू नका, गॅसजवळ ठेवू नका.

मूठ हस्तिदंताची वाटली तर ती जपून तशीच ठेवा. आपल्याकडं हस्तिदंताची खरेदी-विक्री कायद्यानं बंद आहे, त्यामुळं बाजारातून जुना हस्तिदंत आणून मूठ बदलायचा विचारही नको.

सोडवायचीच असेल तर मूठ आणि मान जोडणाऱ्या खिळीच्या एका बाजूचं डोकं बारीक कानशीनं वॉशरच्या पातळीपर्यंत उतरवा आणि दीड मिलिमीटरच्या पंचनं हळू ठोकून खिळी दुसऱ्या बाजूनं बाहेर काढा. खाली लाकडाचा भोक पाडलेला ठोकळा हवा, नाहीतर मूठ चिरते. जुने वॉशर फेकू नका, तेवढे छोटे पुन्हा मिळत नाहीत.

धार मारणं

हे वाचून जुनी माणसं कपाळाला हात लावतील, पण घासायच्या आधी वस्तऱ्याची धार बोथट करायची. पातं उभं धरून, धार खाली, पथरीच्या कडेवर तीन-चारदा अलगद ओढा. काठ चमकताना दिसला की पुरे. पुढचे कित्येक तास तुमची बोटं त्या काठावरून जाणार आहेत. ओला कागद, तेलकट बोटं आणि जिवंत धार एकत्र आली की टाके पडतात. गंजलेल्या पात्यानं कापलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवावं लागतं. धार नंतर नव्यानं लावायचीच असते, तेव्हा नुकसान काही नाही. फक्त मानेवर काम असेल आणि धार चांगली असेल तर मात्र ती मारू नका. धारेवर मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या लावा.

तेल आणि ब्लेड

कागदाला हात लावायच्या आधी सैल गंज काढून घ्या. मी पातं कुंद्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात तेल घालून रात्रभर बुडवतो. शिलाई मशीनचं तेल चालतं, रॉकेल मिळालं तर तेही. सकाळी दाढीचं साधं ब्लेड अगदी झोपवून, वीसेक अंशात धरून गंज खरवडा. खालचं पोलाद कडक असल्यामुळं ब्लेड त्यावर घसरतं आणि गंज तेवढा उचलतं. त्यानंतर सगळ्यात बारीक स्टीलवूल तेलात भिजवून फिरवा.

कितीतरी वस्तरे इथंच थांबवले पाहिजेत. काळसर झाक राहते, कुठं कुठं ठिपका राहतो, पण पातं मूळ जाडीचं आणि मूळ आकाराचं राहतं. हे न करता थेट कागद उचलणं ही उतावीळ माणसाची खूण, आणि उतावीळ मीही होतो.

आणखी एक. घरातली पितळी भांडी आपण चिंचेनं घासतो, म्हणून कुणीतरी वस्तराही चिंचेत किंवा व्हिनेगरमध्ये टाकायला सांगतं. टाकू नका. आम्ल गंजासोबत पोलादही खातं, पातं राखाडी पडतं आणि शिक्क्याच्या कडा जातात.

कागद

हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मागा, पण काळा, पाण्यात चालणारा, सिलिकॉन कार्बाइडचा. लाकडाचा पिवळा काचकागद इथं उपयोगाचा नाही. मागे नंबर छापलेला असतो; नंबर जितका मोठा तितका कण बारीक. नंबराच्या आधी 'पी' आहे का ते बघा. युरोपी मोजणीत पी-600 चा कण साधारण 26 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर अमेरिकी मोजणीतल्या नुसत्या 600 चा 16 मायक्रॉनचा, म्हणजे जवळजवळ पी-1200 इतका बारीक. दोन दुकानांतून दोन मोजण्यांचे कागद आणले की मधली एक पायरी गायब होते आणि शेवटी ओरखडे का राहिले ते कळत नाही. सगळे एकाच कंपनीचे घ्या.

मला लागतात ते पी-240, 400, 600, 800, 1200, 2000. नियम असा की पुढचा नंबर आधीच्या दुपटीपेक्षा जास्त नको. पैसे वाचवायला 240 नंतर थेट 800 घेतला तर 800 चा कागद बिचारा 58 मायक्रॉनच्या कणांनी पाडलेल्या चरांवरून नुसता फिरत राहतो आणि तुमचा खांदा दुखतो.

पूर्ण पान 9 बाय 11 इंचांचं असतं. त्याचे 24 तुकडे करा, प्रत्येकी दीड इंच रुंद आणि पावणेतीन इंच लांब. तुकडा लवकर मरतो. मेलेला कागद कापत नाही, नुसता चोळतो, आणि माणूस मग जोर वाढवतो. जोर वाढवावासा वाटला की तुकडा बदला. एका बाजूला 240 चे आठ-दहा तुकडे सहज जातात.

कागदामागं काय धरायचं यावर निम्मं काम ठरतं. गाल बसलेल्या पात्याला खोलगट भागाच्या वळणाशी जुळणारी गोल काठी हवी, तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवा. मी झाडूचा दांडा, पीव्हीसी पाइपाचा तुकडा आणि जाड मार्करची नळी अशा तीन जाडीच्या काठ्या ठेवल्या आहेत. पाचरीला सपाट खोडरबर पुरतं. मानेला मात्र लाकडाची कडक पट्टी. का ते पुढं येईल.

पातं कशावर ठेवायचं? सागवानाची वीतभर फळी, तिच्यावर दुतोंडी टेप, त्यावर पातं आडवं. पात्याखाली पोकळी राहता कामा नये. गाल बसलेलं असेल तर खालच्या खोलगटीत पुठ्ठ्याची घडी किंवा मेणाचा पट्टा भरा, म्हणजे वरून दाब आला तरी पातं लवत नाही. लोहचुंबकानं धरण्याची युक्ती बरेच जण सांगतात. मी करून बघितली आणि सोडली. कडक पोलाद चुंबकत्व धरून ठेवतं, मग घासून निघालेला कीस पात्याला चिकटून बसतो आणि 2000 च्या कागदाखाली 240 चे ओरखडे पाडतो.

पहिला कागद

आता मुख्य काम. पातं फळीवर, पाठ तुमच्याकडं, धार पलीकडं. 240 चा तुकडा काठीवर गुंडाळा, साबणाच्या पाण्यात बुडवा, आणि टाचेपासून टोकाकडं लांबीच्या दिशेनं घासा. टाच म्हणजे मानेकडचा कोपरा, टोक म्हणजे पुढचा. रुंदीच्या दिशेनं घासायची वेळ आली तर नेहमी पाठीकडून धारेकडं, धारेवरून बाहेर. उलट कधीही नाही. बोथट धारसुद्धा कागदात रुतते आणि कागद फाटून बोट तिच्यावर येतं.

दर पाच मिनिटांनी पुसा आणि ट्यूबलाइटखाली तिरकं धरून बघा. पहिल्या अर्ध्या तासात पातं एकसारखं राखाडी दिसायला लागतं आणि माणसाला वाटतं झालं. काही झालेलं नसतं. एक काळा मार्कर घ्या, अख्खा गाल रंगवा, सुकू द्या आणि दहा-बारा हात मारा. शाई जिथं उरली तिथं कागद पोचलेलाच नाही: पाठीखालचा पट्टा, टाचेचा कोपरा, आणि प्रत्येक खड्ड्याचा तळ. मित्राच्या वस्तऱ्यावर शाई मारली तेव्हा पात्याच्या मधोमध तिळाएवढे अकरा काळे ठिपके उरले. मोजले, कारण दुसऱ्या दिवशी ते सात झाले, आणि तिसऱ्या दिवशी चार.

त्या चारांपाशी मी थांबलो. खड्डा काढणं याचा अर्थ खड्डा भरणं नव्हे. खड्ड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं सगळं पोलाद खाली आणावं लागतं. दशांश मिलिमीटर खोल खड्ड्यासाठी अख्ख्या गालावरून दशांश मिलिमीटर उतरवायचा, आणि दुसऱ्या गालावरूनही, नाहीतर पातं एका अंगाला बसतं. पाचर जाड असते, तिला परवडतं. गाल बसलेलं पातं धारेजवळ मुळातच दोन-तीन दशांशाचं असतं, तिथं एवढं उतरवायला उरतं काय? म्हणून धारेजवळच्या सुतभर पट्ट्यात मी 240 लावतच नाही, 600 पासून सुरुवात करतो, आणि खड्डे उरले तर उरू देतो. फक्त खड्ड्याच्याच जागी बोटानं घासायचा मोह होतो. तसं केलं तर तिथं बशी पडते, आणि पॉलिश केल्यावर ट्यूबलाइटची सरळ रेघ त्या जागी वाकडी दिसते. ती कायमची.

240 वर एका बाजूला मला दोन ते चार तास लागतात. एका बैठकीत करू नका. हात थकला की काठी कलते.

पुढचे कागद

इथून गाडी पळते. 240 लांबीच्या दिशेनं फिरवला असेल तर 400 तिरका फिरवा, पंचेचाळीस अंशात. 600 उलट तिरका. 800 पुन्हा लांबीनं. दिशा बदलली की आधीचे चर आडवे येऊन उघडे पडतात; एकही दिसेनासा झाला की पुढचा नंबर. प्रत्येक नंबरानंतर पातं, फळी, काठी आणि हात सगळं धुवायचं आणि पाणी बदलायचं. 240 चा एक कण बादलीत राहिला तर तो 1200 वर नक्की सापडतो.

वेळ 400 ला अर्धा तास, पुढं वीस-वीस मिनिटं. 800 वर एखादा खोल चर दिसला तर तो 800 नं काढत बसू नका. निमूट 240 वर परत जा. असं परत जायला मन होत नाही, पण तिथंच हट्ट केला तर तो चर पॉलिशनंतर चारपट उठून दिसतो.

आरशासारखं करायचंच असं काही नाही. 600 वर थांबून शेवटचे वीस हात एकाच दिशेनं, एका ओळीत, न थांबता मारले तर पात्याला रेशमी, मंद तकाकी येते. जुन्या, थोडे खड्डे उरलेल्या पात्याला मला तीच शोभते. आरसा केला की उरलेला प्रत्येक खड्डा ओरडून दिसतो.

पाठ, शिक्का, टोक

पाठ घासू नका. वस्तऱ्याला कोन ठरवायला वेगळं काही लागत नाही. धार लावताना पाठ आणि काठ दोन्ही पथरीवर टेकतात आणि त्यातूनच कोन येतो. पाच सुती पातं, पाठ 5 मिलिमीटर जाड, तर कोन साधारण 18 अंश. पाठ घासून 4.5 केलीत तर तोच कोन 16 च्या आसपास येतो. दोन अंश ऐकायला किरकोळ, पण एवढी बारीक झालेली धार दाढीच्या राठ केसांपुढं टिकत नाही, चुरते. पाठीवर गंज असेल तर 1200 चा कागद, दोन्ही बाजूंना मोजून सारखेच हात.

शिक्क्याभोवती मऊ काही वापरू नका. खोडरबरावरचा कागद अक्षरांच्या खाचेत बुडतो आणि कडा गोल करतो, मग अक्षरं विरघळल्यासारखी दिसतात. लाकडी पट्टीवर ताणलेला कागद वरूनच जातो आणि अक्षरं काठाला धारदार राहतात. 600 च्या खाली मानेवर उतरू नका. मानेच्या बोटखाचांत आणि खांद्याच्या कोपऱ्यात आइस्क्रीमच्या काडीला कागद गुंडाळून शिरता येतं.

टोकाला घासताना काठी पात्याबाहेर अर्ध्याहून जास्त जाऊ देऊ नका. बाहेर गेली की कलते आणि टोक गोल होतं. चौकोनी टोकाचे वस्तरे अशा हातांनीच बोथट गोल झालेले दिसतात.

पात्यावर सोनेरी नक्षी असेल तर ती सोन्याचा नुसता हात फिरवलेली असते. तिच्यावर कागदच काय, पॉलिशही नको. साबण-पाणी आणि मऊ फडकं.

बफ: माझा निळ्या टोकाचा वस्तरा

उद्यमबागेत बफिंग मशीन शोधायला लांब जावं लागत नाही, आणि तिथंच माझा घात झाला. बऱ्याच वर्षांपूर्वी, कामावरून सुटल्यावर, ओळखीच्या एका शेडमध्ये मी काकांचा सहा सुती वस्तरा बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर धरला. कागदाचं काम अर्धवट टाकलेलं, म्हटलं बफ सांभाळून घेईल. मिनिटभरात गाल असा चकाकला की माझं मलाच कौतुक वाटलं. मग टोकाकडं आलो. टोक पातळ, उष्णता जायला जागा नाही. आधी कोपऱ्यावर गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग आला, मी हात काढेपर्यंत तो तपकिरी, जांभळा आणि अगदी टोकाला निळा झाला, डबक्यावर रॉकेल पसरावं तसा. बघायला सुंदर होता. पण पिवळा म्हणजे सव्वादोनशे अंश आणि निळा म्हणजे तीनशेच्या आसपास. या पोलादात कार्बन एक टक्क्याच्या जवळपास असतो, पाणी देऊन त्याला कडक केलेलं असतं, आणि तीनशे अंशांना ते पाणी उतरतं. निळा रंग दोन मिनिटांत पुसला गेला, गेलेला कडकपणा परत आला नाही. त्या टोकाला आजही धार धरत नाही.

मामांना दाखवला तर त्यांनी तो उजेडात फिरवला आणि म्हणाले, "पोरा, दाढी करायची हाय का ह्यात तोंड बघायचं हाय?"

तरीही बफ वापरायचाच असेल तर: सहा इंची चाक साध्या मोटरवर मिनिटाला 2,800 फेऱ्यांच्या आसपास फिरतं, म्हणजे चाकाचा काठ ताशी 80 किलोमीटरच्या वेगानं जातो. पातं चाकाच्या मध्याखाली धरा, धार खाली, चाकाच्या फिरण्याच्याच दिशेला तोंड करून; धार चाकाच्या विरुद्ध आली तर ते पातं ओढून घेतं आणि कुठं फेकेल सांगता येत नाही. कापडी हातमोजे नकोत, चाक तेही ओढतं. मोज्याविना बोट पात्यावर ठेवलं की ऊबही कळते. दोन सेकंद चाकावर, मग पाण्यात. बोटाला चटका जाणवला तर आधीच उशीर झालेला असतो. चष्मा हवाच.

हातपॉलिश

मी आता हातानंच करतो. 2000 चा कागद मनासारखा झाला असेल तर पॉलिशला वीस मिनिटं लागतात. झाला नसेल तर दोन तासही पुरत नाहीत. जीन्सचा तुकडा लाकडी ठोकळ्यावर ताणा, त्यावर धातूचं पॉलिश, ब्रासो किंवा ट्यूबमधली पेस्ट, आणि पाठीकडून धारेकडं. फडकं काळं पडलं पाहिजे. तो काळा रंग म्हणजे निघालेलं पोलाद, घाण नव्हे. नंतर हिरवी पेस्ट चामड्यावर. हा क्रोमियम ऑक्साइड, कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचा, आणि त्यानं ती शेवटची निळसर खोली येते. आपल्या बोटाची रेघ पात्यात स्पष्ट दिसली की थांबा.

मग सगळं पॉलिश धुऊन काढा. मानेच्या खाचांत आणि खिळीच्या भोकात अडकलेलं पॉलिश पुढं ओल धरतं. भांड्याच्या साबणानं धुवा, जुन्या टूथब्रशनं खाचा घासा, कोरडं करा, स्पिरिटनं पुसा, लगेच तेल. वस्तरा दुसऱ्या कुणी वापरलेला असेल तर ही धुलाई दाढीच्या आधी पुन्हा करा, आणि त्यानंतर तो एकाच माणसाचा ठेवा.

मूठ बसवायला अर्ध्या सुताची, म्हणजे 1.6 मिलिमीटरची पितळी तार घ्या. दोन्हीकडं वॉशर, बाहेर नखाच्या जाडीइतकी तार सोडायची आणि छोट्या गोल हातोडीनं हलक्या टिचक्या मारत डोकं बसवायचं. दहा-वीस टिचक्यांनी न बसता पन्नासांनी बसलं तर बरं. नवी मूठ शिसवीची किंवा म्हशीच्या शिंगाची केली तर पात्याला शोभते.

धार लावणं हा वेगळा विषय आहे. 1000 च्या पथरीवर कड बसवायची, 8000 पर्यंत न्यायची, मग चामड्याच्या पट्ट्यावर. तिथं पहिल्या दहा मिनिटांतच कळतं की आपण कुठला खड्डा सोडला.

पावसाळा

बेळगावचं हवामान कोकणासारखं नाही असं आपण म्हणतो, पण जून ते सप्टेंबर आमच्या भिंतींनाही बुरशी येते, आणि खानापूर-जांबोटीकडं तर काड्यापेटीसुद्धा ओढत नाही. आरसा केलेलं पातं गंजत नाही हा गैरसमज आहे. त्यावर बोटाचा घाम लागला तर रात्रीत ठशाच्या रेघांसकट गंज उठतो. मी एकदा अख्खा अंगठा मिळवलाय तसा.

हात लावला की पुसायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फिरवायचा. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि पुढं चिकट होतं. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. तेलाच्या कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी. महिन्यातून एकदा उघडून बघा, श्रावणात दोनदा.

मित्राचा वस्तरा मी 800 वर थांबवला, चार ठिपके तसेच ठेवून. मूठ शिसवीची बसवली. त्यानं उजेडात धरला, ठिपके शोधले आणि विचारलं, "हे राहिलेत की रे?" म्हटलं, राहिलेत. तो घरी जाऊन त्याच्या वडिलांना दाखवणार होता. ते ठिपके त्यांनी लहानपणी बघितलेले असण्याची शक्यता आहे, आरसा मात्र नक्कीच नाही.